कपाटाचं कुलूप

व्यसनमुक्ती केंद्रातल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "केव्हापासून घेताय?"

कुलूपवाला खाली मान घालून बसला होता. उत्तर त्याच्या लेकीनं दिलं. "आई गेल्यापासून. तिच्या दुखण्यावरचं औषध उरलं होतं, तेच घ्यायला लागले. मग बाहेरून आणायला लागले. दुःख सोसवलं नाही हो त्यांना."

लेकीला तसंच वाटत होतं. कुलूपवाल्याला वाटलं, वाटू द्यावं.

"मग सोडणार ना?" बाईंनी विचारलं.

त्याच्या दुकानावर पाटी होती, 'कुठलंही कुलूप उघडून मिळेल.' चाळीस वर्षांत जमत नाही म्हणून त्यानं एकही गिऱ्हाईक परत पाठवलं नव्हतं.

"माझ्याच्यानं नाही जमत," तो म्हणाला.

"असं काय बोलता, बाबा? मनावर घ्या, जमेल. आईसाठी तरी."

त्यानं लेकीकडे पाहिलं. औषधाच्या कपाटाची चावी अजून तिच्या गळ्यातल्या दोऱ्यात होती. आईच्या आजारपणात ती चावी तिनं अंघोळीलासुद्धा काढली नव्हती.

"शेवटी शेवटी तुझ्या आईला औषध लागू पडेना. दिवसभर कण्हायची. आठवतं?"

"आठवतं की. डॉक्टर म्हणाले, दुखणंच वाढलंय."

"दुखणं नव्हतं वाढलं. ते कुलूप मी तारेनं उघडायचो. जेवढं प्यायचो तेवढं पाणी बाटलीत भरून ठेवायचो." त्यानं पुन्हा मान खाली घातली. "तिच्यासाठीसुद्धा नाही जमलं गं मला."