बोक्याची साक्ष

"फुंका," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

बेकरीवाल्याने छातीभर श्वास घेतला आणि होता नव्हता तेवढा जीव नळीत ओतला. नळीवरचा काटा जरासा सरकला आणि कंटाळून थांबला. पाठोपाठ त्याच्या छातीत शिट्टी वाजली.

ही शिट्टी साधीसुधी नव्हती. तिच्यापायी चौकातल्या गाड्या थांबायच्या. एकदा तर फुटबॉलचा अख्खा सामना थांबला होता. खोटं वाटत असेल तर पंचाला विचारा, तो अजून फुरंगटलेला आहे.

पण आज बेकरीवाला खुशीत होता. सासूबाईंनी कायमचं राहायला यायचं ठरवलं होतं, पेटीही भरून तयार होती. आणि आपल्याला दमा होतो तो बोक्यामुळे, असं त्याने घरात ठणकावून सांगितलं होतं. हा बोका मूळचा बेकरीतलाच. पिठाच्या पोत्यांवर लोळायचा. वर्षापूर्वी बेकरीवाल्याने त्याला हाकलून दिलं, तर सासूबाईंनी उचलून स्वतःच्या घरी नेला! वर दर सुट्टीच्या दिवशी मुद्दाम जावयाकडे घेऊन यायच्या. याला म्हणतात जुनं वैर. आता डॉक्टरीणबाईंनी 'बोका बंद' म्हटलं की झालं. बोक्याला सोडून सासूबाई येणार नाहीत. साप मरेल, काठीही तुटणार नाही.

सासूबाई शेजारच्याच खुर्चीत होत्या. पायाशी झाकणाची टोपली. टोपलीत बोका.

"आरोपीला हजर ठेवलाय," त्या म्हणाल्या आणि टोपली पायाने हलकेच लांब सरकवली.

डॉक्टरीणबाईंनी वही उघडली. चार आठवडे बेकरीवाला दिवसातून चारदा नळीत फुंकत होता आणि बायको आकडे लिहीत होती.

"सहा दिवस आकडा घसरतोय. सुट्टीच्या दिवशी मात्र चढतोय. सुट्टीला घरी काय असतं?"

"आई येते," मागे उभी असलेली बायको म्हणाली, "बोक्याला घेऊन. तो दिवसभर ह्यांच्या पोटावर झोपतो. ह्यांना उठवायला गेलं की दोघंही गुरगुरतात."

डॉक्टरीणबाईंनी बेकरीवाल्याचा हात उजेडात धरला. मघाशी कशाची ॲलर्जी आहे ते बघायला तिथे दोन थेंब टोचले होते. मांजराचा थेंब होता तिथे कातडी सपाट होती. पिठाच्या थेंबाखाली गांधीलमाशी चावल्यासारखी गांधी उठली होती.

"चोर सोडून संन्याशाला फाशी दिलीत की हो तुम्ही! दमा काय एकाच जातीचा असतो? कुणाचा मांजराने, परागाने उठतो. कुणाचा धावलं की उठतो, कुणाचा थंड हवेने. एखादा तर नुसत्या खोकल्याचं सोंग घेऊन येतो. तुमचा दमा नोकरदार आहे. कामाच्या दिवशी हजेरी लावतो, सुट्टीला रजेवर जातो."

"पिठाचा दमा? मला?" बेकरीवाला ताडकन उभा राहिला. "सत्तावीस वर्षं पिठात हात आहेत माझे!"

आणि ते हात साधे नव्हते. तो खांद्यापासून असं पीठ उधळायचा की टेबलावर ढग उतरायचा आणि कणन् कण एकसारखा पसरायचा. बघायला लोक दारात उभे राहायचे. त्या ढगात तो दिवसभर एखाद्या देवासारखा वावरायचा.

"म्हणूनच," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "इतकी वर्षं छातीने सोसलं, आता तिने हात टेकले. पंप देते, तो रोज घ्यायचा. पण पिठाच्या ढगात उभं राहणं आजपासून बंद."

बेकरीवाला मटकन खाली बसला.

"मग बेकरी बंदच करायची म्हणा की," तो पुटपुटला.

"काही बंद करायची नाही," सासूबाई म्हणाल्या. "तुम्ही पलीकडच्या खोलीत भट्टी सांभाळा, मधलं दार लावून. पीठ मी बघते. तोंडाला मास्क लावून, झाकणाच्या यंत्रात, आधी पाणी घालून. उधळाउधळ नाही, कोरडा झाडू नाही. पेटीत काय साड्या भरल्यात वाटलं? मास्क आहेत, ॲप्रन आहेत. सूतगिरणीत चाळीस वर्षं मुकादम होते मी, जावईबापू. सुट्टीनंतर कामावर आलं की कुणाची छाती कशी आवळते, ते मला दारातून ऐकू येतं."

बेकरीवाला खुर्चीतून पुढे सरकला.

"म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं? केव्हापासून?"

"तुम्ही बोक्याला हाकललंत, तेव्हापासून."

"मग तेव्हाच सांगायचं ना, आई!"

"सासूचं ऐकलं असतंत?"

बेकरीवाल्याने ओशाळून मान खाली घातली. टोपलीचं झाकण वर उचललं गेलं, बोका बाहेर आला आणि थेट त्याच्या मांडीवर चढून बसला. सासूबाईंनी पदर नाकाला लावला आणि खुर्ची हातभर मागे घेतली.

"साक्षीदार आता तुम्हीच ठेवून घ्या," त्या म्हणाल्या. "मला जन्मात कधी मांजर आवडलेलं नाही."