दस्त्यावरचं अक्षर

“माझ्या घरात वस्तूवर ओरखडा दिसायचा नाही,” असं मिरवत थोरल्या काकूंनी भिंतीवरची जुनी लष्करी बंदूक उतरवली. जाणकारानं भिंग लावून नळीवरचे शिक्के वाचले. “कारखाना जुळतो, साल जुळतं, पलटणही तीच. पण तुमच्या भावाचीच कशावरून?” लढाईवरून न परतलेल्या भावाच्या शोधात आलेली म्हातारी म्हणाली, “त्यानं दस्त्यावर खिळ्यानं माझं नाव कोरलं होतं.” लाकडी दस्ता आरशासारखा गुळगुळीत. “मग ही नव्हे,” म्हणत ती उठली. काकूंनी तिचा हात धरला. बंदूक घरात आल्यावर त्यांनीच ते ओरखडे काचकागदानं घासले होते, अक्षरओळख कुठली! “थांबा हो बाई, मीच करंटीनं घासलं. शेवटचं अक्षर काही पुरतं निघता निघेना, दिसत नाही पण बोटाला अजून लागतं.” त्यांनी म्हातारीचं बोट लाकडावर फिरवलं: गोल, मग शेपूट, खाली आणखी एक शेपूट. “माझंच,” म्हातारी पुटपुटली. काकूंना मान वर करवेना.