माईकची उंची
स्टँडअपसाठी सुगंधाताई अंधेरीच्या कॅफेत पोचल्या तेव्हा गुडघे ठणकत होते. “ताई, आज तुमच्याआधी चारही मुलीच! झकास ना?” आयोजक म्हणाला. नवे विनोद हल्ली सुचत नव्हते, पण सुरुवातीची चिंता नव्हती. पंचवीस वर्षं प्रत्येक कार्यक्रमात त्या एकट्याच बाई असायच्या, आणि आधीचा पुरुष माईक स्वतःच्या उंचीला ठेवून जायचा. स्टँडचा स्क्रू सैल करून माईक खाली ओढत त्या म्हणायच्या, “बाई येणारेय, हे कुणी सांगितलंच नाही वाटतं!” तिथेच पहिला हशा मिळायचा. नाव पुकारल्यावर त्या स्टेजवर चढल्या. हात सवयीने स्क्रूकडे गेला. माईक बरोबर त्यांच्या ओठांसमोर होता. मुलींनी तो खालीच ठेवला होता. लोक वाट बघत होते. ताईंनी लोकांकडे पाठ केली, माईक वीतभर वर चढवला आणि वळून तो खाली ओढत सुरुवात केली, “बाई येणारेय…”