अंगठी गार राहिली

पूर्वरंग संपला. हार घालायची वेळ झाली, तरी धुंडिराजबुवा हार धरून खांबापाशीच उभे होते. त्यांचा आवाज बसल्यापासून देवळातली कीर्तनाची गादी रिकामी होती, आणि आज त्यांची लेक मुक्ता परीक्षेला उभी होती. गळ्यात हार पडला तर गादी तिची, नाही तर नुसता नारळ.

"घाला की हो, बुवा! पोर ताटकळली," झांजा वाजवणाऱ्या सुलभाकाकू म्हणाल्या.

"लेक आहे माझी. मला गोडच लागणार."

सगळ्यांसारखी बुवांच्याही बोटात तोल-अंगठी होती. मन एका बाजूला कललं की ती चावायची, तोल राहिला की गार असायची. हार घालताना भर मंडपात चावली, तर मुक्ताला लोक जन्मभर हिणवतील, बापाच्या मायेने मिळाली गादी म्हणून.

"अजून जमलं नाही हिला," बुवा मन घट्ट करून म्हणाले. "नारळ द्या."

अंगठी कडकडून चावली. बुवांनी हात झटकला.

काकू खुदकन हसल्या. "अहो, मायेला भिऊन दुसऱ्या बाजूला किती कलाल? परक्याची असती तर?"

परक्याची असती, तर अभंग सुरू होताच डोळे भरले असते. भरलेच होते. बुवा पुढे गेले आणि श्वास रोखून त्यांनी हार घातला.

अंगठी गार राहिली.

मुक्ता पाया पडायला वाकली, तसं त्यांनी तिला धरलं. "वेडे, गादीवर उभी आहेस. आता वाकायचं मी."

आणि हलक्या मनाने त्यांनी लेकीच्या पायांवर डोकं ठेवलं.