जाकिटाची वायर

"आधी फोनला लावा ती वायर," ती तिसऱ्यांदा म्हणाली. "जाकीट गेलं खड्ड्यात."

तिच्या बॅटरीवाल्या नवऱ्याने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. बायकोच्या अंगातल्या तापणाऱ्या जाकिटाची वायर त्याने पॉवर बँकेत पुन्हा घट्ट बसवली, बटणाचा हिरवा दिवा लागलेला बघितला आणि तोंड खिडकीकडे फिरवलं. पॉवर बँकेला दोन भोकं होती, त्यातलं एक तुटलेलं. बसचा हीटर सकाळपासून बंद होता. बाहेर घाटात बर्फ साचला होता, आत माणसं कान गुंडाळून गप्प बसली होती. पोचायला अजून चार तास होते.

लेक इस्पितळात होती, अतिदक्षता विभागात. पहाटे जावयाचा फोन आला होता, "डॉक्टर म्हणतात, लवकर या." तेवढ्यावर दोघं अंगावरच्या कपड्यांनिशी निघाली. धांदलीत आईचा फोन घरीच राहिला, आणि आता याचा बंद पडलेला. तिचं मागणं काही फार नव्हतं. जावयाने फोन लेकीच्या कानाशी धरावा आणि आपण म्हणावं, बाळा, मी निघालेय, थांब. तेवढंच.

"काय तरी बाई तुमचं! जन्म गेला लोकांच्या बॅटऱ्या भरण्यात, आणि नेमका आजच तुमचा फोन संपावा?"

"रात्री चार्जिंगला लावायचा राहिला."

"तुमचा? राहिला?"

तो बाहीने खिडकीची काच पुसू लागला.

तिला खरंच नवल वाटत होतं. कोपऱ्यावरच्या दुकानात जायचं असलं तरी हा माणूस खिशात चार्जर टाकायचा. पाहुणे आले की पाणी विचारायच्या आधी त्यांचे फोन चार्जिंगला लावायचा. सगळे हसायचे त्याला.

जाकीटही त्याचंच काम. लेक हिवाळ्यात स्कूटरवरून कामाला जायची, म्हणून त्याने अस्तरात तापणाऱ्या बारीक तारा बसवल्या होत्या. "पाच व्होल्टचं आहे, मुंगी चावल्याइतकाही शॉक लागायचा नाही," असं तेव्हा दहादा सांगून त्याने पोरीला भंडावून सोडलं होतं. तिने ते दोन हिवाळे घातलं आणि मागच्या खेपेला माहेरी विसरून गेली. आता ते आईच्या अंगावर होतं. पोर तिकडे नळ्या लावून पडलीये आणि आपण इथे पाठ शेकत बसलोय, या विचाराने तिला ती ऊब सोसवेना.

"पुढच्या बाईंचा फोन मागते मी," म्हणत ती उठली.

"जावयाचा नंबर पाठ आहे का तुला?"

"तुम्हाला असेल की."

"नाही. बस खाली. तुझ्या छातीला गारठा झेपत नाही."

तेव्हा मात्र तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "काळजाचा दगड झालाय का हो तुमच्या? पोर शेवटच्या घटका मोजतेय आणि तुम्हाला माझ्या छातीचं पडलंय? ती माझी वाट बघत असेल!"

त्याने मान खाली घातली. मग कोट काढून तिच्या गुडघ्यांवर पांघरला, हातमोजेही तिच्याच मांडीवर ठेवले. ते तर तिच्या आणखीच डोक्यात गेलं. तिने त्याच्याकडे पाठ केली, ती पुढचे दोन तास तशीच.

घाट उतरल्यावर बस थांबली. नुसत्या स्वेटरवर तो खाली उतरला, थर्मासमध्ये गरम पाणी भरून आणायला. ती याचीच वाट बघत होती. कोटाच्या खिशातून तिने फोन काढला, पिशवीतल्या वायरींच्या गुंत्यातून फोनची वायर ओढली, जाकिटाची खसकन उपटली. घाईघाईत वायर भोकात बसेना. मग बसली एकदाची. काळ्या काचेवर बॅटरीचं चित्र उगवलं. खाली आकडा होता, एकाहत्तर टक्के.

ती त्या आकड्याकडे बघत राहिली. फोन संपला नव्हता, कुणीतरी बंद करून ठेवला होता. आता नुसतं बटण दाबायचं होतं. पण तिचा अंगठा हलेना. पाठीवरची ऊब हळूहळू कमी होत गेली.

तो थर्मास घेऊन वर चढला. तिच्या हातातला फोन बघून मधल्या वाटेतच थबकला. मागून कुणीतरी म्हणालं, "चला हो पुढे."

"कधी गेली?" तिने विचारलं.

तो शेजारी बसला. थर्मास पायाशी ठेवला. लोंबणारी जाकिटाची वायर शोधली, फोनची काढून ती परत लावली आणि हिरवा दिवा लागेपर्यंत बटण दाबून धरलं. त्याची बोटं गारठून निळी पडली होती.

"तू तिकिटं काढत होतीस तेव्हा फोन आला," तो म्हणाला. "सहा तासांची वाट होती गं. म्हटलं, पोचेपर्यंत तरी तुला लेक असू दे."