काठावरची साखर

विकीला किडनी द्यायची म्हणून गोदूबाई मालवणच्या बाजारातली आपली मासळीची पाटी शेजारणीच्या हवाली करून, फोंडाघाट चढून कोल्हापूरच्या मोठ्या हॉस्पिटलात आली होती. घरात आता या मायलेकांखेरीज कोणी उरलं नव्हतं. दोघांचा रक्तगट एकच निघाला, तेव्हापासून ती खुशीतच होती.

"डॉक्टरानू, माल ताजो आसा. व्हया तर कल्ले उघडून बघा," खुर्चीत बसता बसताच ती म्हणाली.

डॉक्टर हसले, पण रिपोर्टवरची नजर काही त्यांनी वर उचलली नाही.

"मावशी, किडनी छान आहे हो. पण रक्ताच्या तपासणीत अंगात आतून कुठेतरी सूज असल्याचं दिसतंय, दोनदा तपासलं. साखरही काठावर आहे. दहा-बारा वर्षांनी तुम्हाला डायबिटीस झाला, तर एका किडनीवर कसं निभावणार? आम्हाला ती घेता येणार नाही."

"सूज? माका तर खंय दिसणा नाय! आणि माझ्या दहा-बारा वर्षांचा काय घेऊन बसलात? माझ्या विकीक तितकी आसत?"

डॉक्टरांनी पाण्याचा ग्लास तिच्यापुढे सरकवला.

बाहेर बाकावर विकी डायलिसिसच्या सुयांनी टणक झालेला हात मांडीवर घेऊन बसला होता.

"आये, काय म्हणालो गो डॉक्टर?"

पदराने तोंड पुसून ती त्याच्या शेजारी टेकली.



"म्हणता, तुझ्या आवशीक अजून मोप आयुष्य आसा."