वरच्या मजल्यावरचे आवाज

खर्रर्र.

"पलंग," छताकडे बघत बायको म्हणाली. भाजी चिरता चिरता सुरी हवेतच राहिली होती.

"कपाट," मास्तर म्हणाले.

"पलंगच. कपाट रडतं. हा ओरडतोय."

धप्प.

"आणि हे?"

"पुस्तकांचं खोकं. डॉक्टर लोकांची पुस्तकं जड."

वर राहणारी भाडेकरू दातांची डॉक्टर होती. काल संध्याकाळी रिकामी खोकी घेऊन जिन्यात भेटली. "काका," म्हणून थांबली, मग "उद्या बोलते," म्हणून निघून गेली.

"चालली ती," बायको म्हणाली.

"महिन्याची नोटीस द्यावी लागते."

"मग महिन्याने चालली. पुढे?"

युक्ती मास्तरांचीच: हवेशीर मजला भाड्याने द्यायचा, आपण खालच्या दोन खोल्यांत राहायचं, घरच घराचं कर्ज फेडेल. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत क्लच शिकवता शिकवता त्यांनी हे निम्म्या गावाला पटवलं होतं. मग आधीचा भाडेकरू गेला आणि मजला चार महिने रिकामा राहिला. खिडकीपाशी बायकोचं शिलाई मशीन असायचं, ते तेव्हा हप्त्यांपायी विकलं. आता तिथे फरशीचा एक उजळ चौकोन होता.

खर्रर्र.

"लोकांना घाट चढायला शिकवता," बायको म्हणाली. "आता जिना चढा."

मास्तर चढले.

पायरी. बँक.

पायरी. थोरली बहीण, पहिली रक्कम भरताना तिने ठेव मोडली होती.

पायरी. मेहुणा, कागदाविना उसने दिलेला.

पायरी. घराचे जुने मालक. उरलेले पैसे सावकाश द्या म्हणाले होते, फक्त महिना चुकवू नका.

सगळे एका भाड्यावर उभे होते.

दार तिनेच उघडलं. केसांत धूळ.

"भाडं जास्त वाटत असेल तर—" मास्तर म्हणाले.

"काका, मी येणारच होते—" ती म्हणाली.

दोघंही थांबले.

"बाबा येतायत," ती म्हणाली. "माझ्याकडे."

"किती दिवस?"

"कायमचे." दात काढावाच लागेल, हे ज्या आवाजात सांगतात, त्या आवाजात. "करारात मी एकटीच आहे, माहितीये मला. पण तिकडे आता त्यांचं कोणी नाही. तुम्ही नको म्हणालात तर मला दुसरं घर बघावं लागेल. म्हणून आधी आतली खोली रिकामी करून पाहिली, त्यांचा पलंग मावतो का."

मास्तर मान वळवून आतल्या खोलीकडे बघू लागले. तिला तो नकार वाटला. ती आणखी भरभर बोलू लागली.

"आणि बाथरूममध्ये धरायला दांडी बसवायचीय. ते घसरतात. मिस्त्री आत बसलाय, पण मी त्याला थांबवलंय. टाइल्सना भोकं पडतील. जाताना मी सगळी बुजवून—"

"जाताना?"

"म्हणजे कधीतरी. बाबा आहेत तोवर तर नाहीच."

मास्तरांनी चौकटीला हात टेकला.

"किती भोकं?"

"चार."

"आठ पाडा. दोन्ही बाजूंना दांडी लावा. आणि मिस्त्रीला म्हणावं, पक्की बसव. हलता कामा नये."

ती मटकन खोक्यावर बसली. "मी काल रात्रभर पाठ करत होते, तुमच्याशी काय बोलायचं."

"पाठ चांगलं झालंय," मास्तर म्हणाले.

उतरताना पायऱ्यांवर कोणीच भेटलं नाही.

खाली बायको अजून तशीच उभी होती. "काय म्हणाली?"

मास्तर सांगणार, तेवढ्यात वर ड्रिल सुरू झालं. भांडी थरथरली. छताच्या रंगाचा एक पोपडा सुटून तिच्या खांद्यावर पडला.

"अहो! घर पाडतेय की काय ती?"

"पाडू दे," मास्तर म्हणाले आणि चपला न काढताच पलंगावर आडवे झाले.

दुसरं भोक पडायच्या आत ते घोरत होते.